काळविटाचा अंदाज आणि माणसाचे मोजमाप

इतिहासाची साधने म्हणजे ताम्रपट, बखरी, सनदा आणि सरकारी दप्तरे, असे आपल्या विद्यापीठांनी आपल्याला शिकवले. ज्यांच्या नावाने कधी सनद निघाली नाही, ज्यांचा उल्लेख दप्तरात आला तो गुन्हेगार म्हणून किंवा वेठीचा मजूर म्हणून, त्यांचा इतिहास मग कशात शोधायचा? त्यांच्या कामात तो शोधावा लागतो, असे माझे मत आहे. काम करताना जे ज्ञान वापरले गेले, त्या ज्ञानात तो असतो. त्यासाठी मी येथे एक अगदी लहानसा, वरवर पाहता आपल्या चळवळीशी काडीचाही संबंध नसलेला प्रश्न घेणार आहे. रानात उभ्या असलेल्या नर काळविटाचे वय किती आणि वजन किती, हे कसे ओळखायचे? आणि ते ओळखणारा कोण होता?

हा प्रश्न मी नागपुरातल्या सदरमधून विचारतो आहे, त्यालाही कारण आहे. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर ही त्याची राजधानी झाली. रेसिडेन्सीच्या आसपास गोऱ्या अंमलदारांचे बंगले होते आणि त्या बंगल्यांना धान्य, मटण, कापड आणि मुख्य म्हणजे माणसे पुरवणारा बाजार म्हणजे सदर बाजार. रेसिडेन्सी रोड हे नाव अजून टिकून आहे. सवर्ण हिंदू साहेबाच्या मुदपाकखान्यात पाऊल टाकायला धजत नसत. त्यामुळे खानसामा, भिस्ती, साईस, मोची, मेहतर ही कामे बव्हंशी अस्पृश्यांकडे, गरीब मुसलमानांकडे आणि ख्रिश्चनांकडे आली. सातपुड्यातून आणि वर्धा-वैनगंगेच्या मैदानातून साहेबाने मारून आणलेली शिकार ज्या हातांनी सोलली, मिठात घातली, भिंतीवर टांगली, ते हात या लोकांचे. शिंगांखाली लाकडी पाटी असे. तिच्यावर इंचांचा आकडा, साल आणि साहेबाचे नाव. चौथी गोष्ट त्या पाटीवर कधीच नसे: त्या जनावराचा माग काढून 'हाच तो, म्हातारा आहे, मोठा आहे' असे सांगणाऱ्या माणसाचे नाव.

जवळच अजब बंगला आहे. १८६३ साली स्थापन झालेले हे मध्यवर्ती संग्रहालय. पेंढा भरलेली जनावरे, आदिवासींची हत्यारे, मूर्ती, नाणी, सारे एका छपराखाली. शाळेची पोरे ते पाहून हरखतात. आपल्या विद्यार्थ्यांनी मात्र तेथे जाऊन एक गोष्ट नीट पाहावी. जनावर आणि आदिवासी हे दोन्ही एकाच इमारतीत, एकाच पद्धतीने, चिठ्ठी लावून मांडावेत, ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली? ही मांडणी एका विशिष्ट विचारातून आलेली आहे. त्या विचाराकडे मी पुढे येणार आहे. आधी काळविटाकडे वळू.

*वयाचा अंदाज*

हरणांच्या दोन जाती आपण वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. चितळ आणि सांबर यांची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळविटाचे शिंग गळत नाही. आत हाडाचा खुंट आणि वर नखासारखे कवच, असे ते जन्मभर वाढते किंवा झिजते. म्हणून चितळाच्या शिंगाची टोके मोजून वर्षे काढणारा फसतो. पूर्ण वाढलेल्या चितळाच्या प्रत्येक शिंगाला साधारण तीनच टोके असतात, मग तो पाच वर्षांचा असो की नऊ. चांगल्या पावसाच्या साली शिंग भरदार येते, दुष्काळात किंवा म्हातारपणी ते खुरटते. म्हणजे त्या शिंगात वयापेक्षा चाऱ्याचा हिशेब अधिक असतो.

काळविटाचे तसे नाही. पाडस बिनशिंगी जन्मते. मादीला सहसा शिंगे येतच नाहीत. नराला पहिल्या वर्षी सरळ खुंट्यांसारखी, पीळ नसलेली शिंगे फुटतात. दुसऱ्या वर्षात पहिला मोठा, सैल पीळ दिसतो. तिसऱ्या वर्षापासून पीळ वाढत जातात आणि पूर्ण वाढलेल्या नराला तीन-चार पीळ भरतात. अंगाचा रंगही बोलतो. कोवळा नर मादीसारखाच पिवळट तांबूस असतो. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पाठ आणि मान काळवंडू लागते, आणि कळपावर ताबा मिळवलेला नर गडद काळा होतो. पोट, हनुवटी आणि डोळ्यांभोवतीची कडी तेवढी पांढरी.

पण येथेच खरी मेख आहे. काळा रंग कायमचा नसतो. माजाचा हंगाम ओसरला की तो फिकट होतो. दक्षिणेकडचे कित्येक पूर्ण वयाचे नर गडद काळे होतच नाहीत, तपकिरीवरच थांबतात. शिंगांचेही तसेच. द्वीपकल्पातल्या काळविटाची शिंगे साधारण २० इंचांच्या आसपास, आणि पंजाब-राजस्थानकडच्या काळविटाची त्याहून लांब. म्हणजे २० इंचांचे शिंग विदर्भात म्हाताऱ्याचे असेल, तर उत्तरेत ते ऐन तरुणाचे. शिवाय वाढ पूर्ण झाल्यावर शिंग वर्षे सांगणे थांबवते. चार वर्षांचा आणि आठ वर्षांचा नर शिंगांवरून वेगळा करता येत नाही. बुंध्याजवळच्या वळ्या झिजल्या आहेत का, टोके बोथट झाली आहेत का, मान जाड झाली आहे का, पाठ किंचित खाली बसली आहे का, चाल जड झाली आहे का, हे सारे एकत्र पाहावे लागते. एका खुणेवर विसंबणारा चुकतो. दहा खुणा एकमेकींशी ताडून पाहणारा बरोबर येतो, आणि तोही 'पाच-सहा वर्षांचा असावा' एवढेच म्हणतो.

नक्की वय दातात असते. बैलबाजारात बैलाचे तोंड उघडून दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असे सांगतात, तीच ही विद्या. रवंथ करणाऱ्या जनावराच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दुधाचे दात मधून बाहेरच्या बाजूला जोडी-जोडीने पडतात आणि त्या जागी कायमचे येतात. ते सारे आले की दाढांची झीज पाहायची. हल्लीच्या प्रयोगशाळेत दाताच्या मुळाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरचे थर मोजतात, झाडाच्या खोडातली वलये मोजावीत तसे. जॉर्ज शॅलर याने १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या जंगलात राहून हरणांचा आणि वाघाचा अभ्यास केला. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात वयाच्या अशा खुणांना मोठे स्थान आहे. पण दात पाहायला जनावर हातात यावे लागते, आणि बहुधा ते मेलेले असावे लागते. जिवंत, उभ्या, शंभर पावलांवरच्या काळविटाबद्दल विज्ञानसुद्धा अंदाजच करते.

*वजनाचा अंदाज*

पूर्ण वाढलेला नर काळवीट खांद्याशी सुमारे ३२ इंच उंच आणि वजनाला सुमारे ४० किलो भरतो, असे मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रेटरच्या पुस्तकातून दिसते. ४० शेरांचा पक्का मण म्हणजे ३७ किलोंच्या थोडे वर. तेव्हा जुन्या हिशेबाने एक भरदार काळवीट म्हणजे जवळजवळ एक मण. १९५८ नंतर मेट्रिक वजने रुळत गेली आणि हा हिशेब तोंडातून गेला. मात्र खांद्यावर ओझे वाहणाऱ्याला मण म्हणजे काय हे आकड्याशिवाय कळत असे. बांबूला चारही पाय बांधून दोघांनी जनावर उचलले की बांबू किती वाकतो आणि किती पावलांवर खांदा बदलावा लागतो, हाच तराजू. पोट आणि आतडी काढली की वजनाचा सुमारे चौथा हिस्सा कमी होतो, हेही वाहणाऱ्याला ठाऊक.

साहेबाजवळ फीत होती. गुरांसाठी वापरात असलेले एक सूत्र असे: छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला अंगाच्या लांबीने गुणा आणि ३०० ने भागा, म्हणजे वजन पौंडात येते. समजा घेर ३० इंच आणि लांबी ३० इंच; ३० गुणिले ३० गुणिले ३०, भागिले ३०० म्हणजे ९० पौंड, सुमारे ४१ किलो. सूत्र बैलाचे आहे, हरणाला ते जेमतेम लागू पडते, पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट शिकता येते. फीत केसांवरून सैल धरली आणि घेर ३२ इंच आला, तर उत्तर १०२ पौंड होते. दोन इंचांच्या ढिलाईने जनावर बारा पौंडांनी मोठे झाले! शिंगांचेही तेच. बुंध्यापासून टोकापर्यंत सरळ मोजले तर एक आकडा, पिळांवरून फीत फिरवत नेली तर दुसरा, त्याहून बराच मोठा. वाघाची लांबी दोन खुंट्यांमध्ये मोजायची की अंगाच्या वळणांवरून, यावर शिकाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालले, कारण वळणांवरून मोजले की काही इंच फुकट मिळत. मध्य प्रांताच्या जंगल खात्यातला अधिकारी डनबार ब्रँडर याने १९२३ साली या भागातल्या वन्य प्राण्यांवर पुस्तक लिहिले, ते आजही वाचनीय आहे. त्याने मापे काटेकोरपणे घेण्याचा आग्रह धरला, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण काटेकोरपणाचा एवढा आग्रह धरावा लागला, यावरून बाकीचे काय करीत होते ते उघड होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्याला आकडा मिरवायचा आहे, त्याची फीत सैल होते. ज्याला त्या अंदाजावर पोट भरायचे आहे, त्याचा अंदाज सैल राहू शकत नाही. फास लावणाऱ्याने जनावराचे वजन कमी धरले तर दोर तुटतो. जास्त धरले तर फास जाड होतो, जनावराला दिसतो, आणि त्या रात्री चूल पेटत नाही.

*हे ज्ञान कोणाचे?*

रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत पारध्यांच्या पोटशाखांची यादी आहे: फासे लावणारे फासेपारधी, बैलाला शिकवून त्याच्या आडोशाने हरणापर्यंत पोहोचणारे गायके, शिकवलेला चित्ता बाळगणारे चित्तापारधी, लंगोटी पारधी, टाकणकार आणि आणखी कितीतरी. ही यादी मी एका वेगळ्या दृष्टीने वाचतो. ज्याला आपण 'जात' म्हणतो, ती येथे पद्धतीवरून पडलेली नावे आहेत. एकेक नाव म्हणजे एकेक अभ्यासशाखा. बैल कळपाच्या किती जवळ नेला तर कळप बुजत नाही, वारा कोणत्या बाजूचा हवा, नर लेंड्या एकाच जागी टाकून आपली हद्द कशी राखतो, ताजी लेंडी आणि कालची लेंडी यांत फरक काय, हे सारे कोणत्याही पुस्तकाआधी तेथे माहीत होते. पाळीव काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला रानातल्या नराशी झुंजायला सोडायचे आणि झुंजीत रानचा नर अडकवायचा, ही पद्धत अकबराच्या दरबारापर्यंत पोहोचली होती. अबुल फजलने तिची नोंद केली. पण ती विद्या दरबारात जन्मली नव्हती.

मागावरून अंदाज करणे हे तर त्याहून अवघड. विदर्भाच्या काळ्या जमिनीत पावसानंतर पाडसाचा खूरही खोल रुततो, आणि मुरमाड माळावर भरदार नराचा खूर नुसता ओरखडा काढतो. म्हणून खोली एकटी काही सांगत नाही. जमिनीची ओल, दोन पावलांमधले अंतर, खुराची रुंदी, टोकांची झीज, मागच्या खुराचा ठसा पुढच्यावर पडतो की बाजूला, हे सगळे जुळवून माणूस सांगतो की येथून भरदार नर गेला, सकाळी गेला, सावकाश गेला. पुराव्यावरून अनुमान, अनुमानाची तपासणी आणि चूक झाल्यास उपासमारीची शिक्षा. याला विज्ञान म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आणि पारधी एकटे नव्हते. शिकारीचा हाका घालायला माणसे लागत. हुकूम मालगुजाराकडे जाई आणि मालगुजार कोतवालामार्फत माणसे गोळा करी. गोंड, गोवारी, महार. नागपूरच्या मुलखात गावचा कोतवाल पुष्कळदा महारच असे. काटेकुट्यांतून अनवाणी, ढोल-डबे वाजवीत जायचे. जखमी जनावर अंगावर आले तर आपल्याच अंगावर. पदरात पडलेच तर चार पैसे, नाहीतर ती वेठच. महारकीच्या वतनाने माणसाला गुलाम केले, हे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणून मांडले. मध्य प्रांतातली व्यवस्था नावाने वेगळी होती. राबणारा माणूस तोच होता.

आता रोलंड वॉर्ड या लंडनच्या कंपनीने १८९२ पासून काढलेली शिकारीच्या विक्रमांची पुस्तके पाहा. शिंगाची लांबी, घेर, ठिकाण आणि मालक असे रकाने. माग काढणाऱ्यासाठी रकानाच नाही. जे मोजायचे नाही त्याला रकाना ठेवायचा नाही, ही राज्यकर्त्यांची जुनी युक्ती आहे. कलकत्त्यात १८९७ साली बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. ठशांचे वर्गीकरण करण्याचे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांनी बसवले. जगभर ते साहेबाच्या नावाने 'हेन्री पद्धत' म्हणून ओळखले गेले. दोन शिकलेल्या सरकारी नोकरांची ही गत, मग निरक्षर पारध्याचे नाव कोण लिहिणार?

उलट त्याच बोटांच्या ठशांच्या वहीत पारध्याचे नाव आले. १८७१ साली सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली सर्व हिंदुस्थानाला लागू करता येईल असा केला गेला. नोंदलेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घेण्याची तरतूद त्यात होती. पुढच्याच वर्षी, १९१२ साली, वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा आला आणि हरणे मारण्याचे बंद हंगाम ठरवता येऊ लागले. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचा. एकाने माणूस जन्मतः गुन्हेगार ठरवला, दुसऱ्याने त्याचे पोट भरण्याचे साधन नियमाखाली आणले. परवाना घेणाऱ्या साहेबाची बंदूक मात्र 'खेळ' ठरली. त्या खेळाचा शेवट काय झाला? काळविटामागे धावणारा चित्ता १९४७ नंतर या देशात उरला नाही. मध्य प्रांताला लागून असलेल्या कोरिया संस्थानच्या राजाने त्या साली मारलेले तीन चित्ते हे शेवटच्या नोंदींपैकी. १९५२ साली तो देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली कुनोमध्ये आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. चित्ता पाळणारी, त्याचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या जाणणारी चित्तापारध्यांची परंपरा तोवर पुसली गेली होती, आणि तिचा शोक कोणी जाहीर केला नाही.

*मनूचे काळवीट*

साहेबावर सगळा दोष टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण काळविटाला मोजपट्टी बनवण्याचा पहिला मान साहेबाचा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात एक वचन आहे. काळा मृग जेथे स्वभावतः वावरतो तो देश यज्ञाला योग्य, त्यापलीकडचा तो म्लेंच्छांचा, असा त्याचा आशय. याच अध्यायात मुंजीच्या वेळी ब्राह्मण बटूने काळविटाचे, क्षत्रियाने रुरू मृगाचे आणि वैश्याने बोकडाचे कातडे पांघरावे असे सांगितले आहे. म्हणजे मुलाचा वर्ण कातड्यावरून ओळखायचा आणि भूमीची पवित्रता जनावरावरून मोजायची. शूद्राला आणि अतिशूद्राला या यादीत कातडेच नाही.

आता साधा प्रश्न विचारा. हे कृष्णाजिन आले कोठून? काळवीट पकडले कोणी, सोलले कोणी, कमावले कोणी? कातडे कमावणारा अस्पृश्य आणि त्याने कमावलेले कातडे पवित्र! पकडणारा व्याध पापी आणि त्याच्या फासात सापडलेल्या मृगाच्या आसनावर बसून केलेला जप पुण्यकारक! श्रमाचे फळ वर जाते, श्रमाचा विटाळ खाली राहतो, हे वर्णव्यवस्थेचे अर्थशास्त्र या एका कातड्यात पूर्ण दिसते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती कशासाठी, हे ज्यांना अजून समजत नाही, त्यांनी या कातड्याचा प्रवास मनाशी आखून पाहावा.

*माणसाचे मोजमाप*

१८६६-६७ साली जबलपूरला प्रदर्शन भरले. मध्य प्रांतातल्या आदिवासींना तेथे आणून त्यांची पाहणी झाली आणि त्या समितीचा अहवाल १८६८ साली नागपुरात छापला गेला. त्या अहवालाच्या शीर्षकातच या माणसांसाठी 'नमुने' या अर्थाचा शब्द आहे. पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले याने नाकाची रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण काढून जातींची उतरंड लावली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. काळविटाच्या शिंगाला लावलेली फीत माणसाच्या नाकाला लागली.

या मोजमापाला सर्वांत समर्थ उत्तर बाबासाहेबांनी दिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील ग्रंथात त्यांनी फीत फेकून दिली नाही, तीच हातात घेतली. घुर्ये यांनी संकलित केलेली नाकांची मापे प्रांतवार मांडून त्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश त्या मापांनी वेगळा ठरत नाही. तेव्हा अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही. ही पद्धत आपल्या तरुण अभ्यासकांनी आत्मसात केली पाहिजे. शिव्या देऊन सिद्धांत मरत नाही. त्याचीच मापे पुन्हा तपासली की तो आपल्याच वजनाने कोसळतो.

ही सगळी जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला हे खरे. त्यानंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशयाची नजर तशीच राहिली, हेही खरे. पण मला आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला पडताळणी समितीसमोर न्यावा लागतो. नागपुरातही अशी समिती आहे. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातल्या निर्णयाने पडताळणीची जी रीत घातली, तिच्यात कागदपत्रांबरोबर जमातीचे गुणविशेष, देवदैवते, लग्नाचे व मर्तिकाचे विधी तपासण्याची सोय होती. याला 'आप्तभाव चाचणी' म्हणतात. तुमचे कुलदैवत कोणते, तुमची बोली कोणती, प्रेत पुरता की जाळता, अशा प्रश्नांवरून एखाद्या मुलीच्या वैद्यकीय प्रवेशाचा निकाल लागायचा. सदरमध्ये किंवा जरीपटक्यात वाढलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या पोरीने आजोबांच्या रानातले विधी पाठ म्हणून दाखवावेत, नाहीतर ती त्या जमातीची नव्हे!

काळविटाचा धडा येथे उपयोगी पडतो. रंग ही खूण आहे, पण हंगाम बदलला की रंग उतरतो. म्हणून काळवीट काळवीट असायचे थांबते काय? विदर्भाच्या मापाने उत्तरेतले जनावर मोजू नये, हे ज्या पारध्याला कळत होते, ते समितीला कळू नये? २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील आदिवासी ठाकूर समाजाच्या संघटनेच्या प्रकरणात निकाल दिला की ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही. स्थलांतर, शिक्षण आणि आधुनिक जीवन यांनी माणसाच्या चालीरीती बदलतात, हे मान्य झाले. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कागदपत्रांचे वजन मोठे. कायद्याच्या भाषेत जे सांगितले गेले, ते रानातल्या माणसाच्या भाषेत एवढेच: एका खुणेवरून निकाल देऊ नये. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा लाटल्या जातात हे सत्य मी नाकारत नाही. त्या चोरीला आळा बसलाच पाहिजे. पण त्यासाठी दात पाहावेत, म्हणजे अस्सल पुरावा पाहावा. कातड्याचा रंग पाहून निकाल देऊ नये.

*शिकारीचा गौरव नको*

माझ्या या लिखाणातून कोणी शिकारीचा पुरस्कार काढू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले आणि ते योग्यच झाले. रेहेकुरीला १९८० साली आणि वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळला २००० साली काळविटांसाठी अभयारण्ये झाली. ती टिकली पाहिजेत. शेतात कळप घुसला की रात्रभर जागणारा कोरडवाहू शेतकरी आणि अभयारण्याच्या कडेला पालात राहणारा पारधी हे दोघेही या संरक्षणाची किंमत मोजतात. ती किंमत त्यांच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, एवढेच माझे म्हणणे. ज्याला माग कळतो त्याला चोर समजून हाकलायचे, आणि मग मागाचे शिक्षण देण्यासाठी बाहेरून तज्ज्ञ आणायचे, हा उलटा कारभार थांबला पाहिजे. हे ज्ञान मारण्यासाठी वापरले गेले, तसे ते राखण्यासाठीही वापरता येते. गणना करणाऱ्या तुकडीत पारध्याचा पोरगा पगारी नोकर म्हणून असावा आणि अहवालावर त्याचे नाव असावे.

बुद्धाने पहिले प्रवचन दिले ते सारनाथच्या मृगदावात. हरणांना जेथे भय नाही अशी ती जागा. म्हणून धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंना हरणे बसलेली दाखवतात. मनूने मृगाच्या वावरावरून पवित्र आणि अपवित्र देशाची सीमा आखली. धम्माच्या परंपरेत तोच मृग चक्राशेजारी बिनधास्त बसला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखो लोकांनी जी दीक्षा घेतली, तिच्या प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती दया माणसाला वगळून करता येत नाही.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझी एक सूचना आहे. आपल्या गावी, आपल्या तांड्यावर, पालावर अजून काही म्हातारी माणसे आहेत. त्यांच्यापाशी जा. खुराच्या ठशावरून, लेंडीवरून, शिंगाच्या पिळावरून ते काय ओळखतात ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांचे वजन-माप करू नका, त्यांच्या नाकाची उंची मोजू नका, कुलदैवतावरून त्यांची परीक्षा घेऊ नका. जे सांगतील ते त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावावर नोंदवा. पाटीवरचा तो चौथा रकाना आता आपण भरायचा आहे. भरायला उशीर झाला, तर सांगणारेच उरणार नाहीत.